रोबोटचं डिझाइन उघडं ठेवावं का, आणि मेंटरने हात कधी मागे घ्यावा?

तिरपा_स्क्रू

आमच्या एफआरसी टीममध्ये सध्या दोन तट पडलेत. मुलांना यंदा किकऑफच्या दिवसापासून सगळं उघड करायचंय. कॅड (संगणकावरची रेखाचित्रं), कोड, प्रोटोटाइपचे व्हिडिओ, फसलेल्या कल्पना, सगळं. निम्मे मेंटर म्हणतात, खुशाल करा. उरलेले म्हणतात, सीझन संपला की द्या ना, आत्तापासून पत्ते उघडे टाकून खेळायची हौस कशाला?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: फर्स्ट या संस्थेच्या रोबोटिक्स कॉम्पिटिशनचा, म्हणजे एफआरसीचा, खेळ दर जानेवारीत जाहीर होतो (तो दिवस म्हणजे किकऑफ), दरवर्षी नवा. त्यानंतर काही आठवड्यांत मुलांनी मेंटरांच्या मदतीने पन्नास-पंचावन्न किलोचा रोबोट उभा करायचा. सामना साधारण अडीच मिनिटांचा, तीन टीम विरुद्ध तीन टीम. पात्रता फेरीत जोडीदार सामन्यागणिक बदलतात. सकाळी जो तुमच्या बाजूने, तो दुपारी समोर.

मी 'खुशाल करा' गटातला. पण दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मला सोडत नाही. उघड करणाऱ्या टीम वाढल्या, तशी आमची मुलंही दुसऱ्यांचं कॅड उघडून त्यातून तुकडे उचलायला लागली. इनटेक (चेंडू वगैरे आत ओढणारा भाग) एकाचा, एलिव्हेटर (वर उचलणारा भाग) दुसऱ्याचा. मग ती शिकली काय? आणि याच मेंटर मंडळींपैकी काही जण (नावं घेत नाही, ते इथेच वाचत असतील) रात्री उशीर झाला की मुलाच्या हातातून माउस घेऊन 'थांब, मी पटकन करतो' म्हणतात. माझ्या मते हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. मुलाला तयार उत्तर किती द्यायचं? ते उत्तर दुसऱ्या टीमकडून येवो की घरच्या मेंटरकडून.

जुन्याजाणत्यांनी लिहावं.

अर्धा_इंच_हेक्स

आधी स्पर्धेच्या भीतीबद्दल, कारण ती दरवर्षी नव्याने निघते.

एफआरसीमध्ये उघड करणं ही निव्वळ सद्भावना नाही, नियमातच त्याची सोय आहे. किकऑफच्या आधी केलेलं डिझाइन किंवा सॉफ्टवेअर सीझनमध्ये वापरायचं असेल, तर त्याच्या मूळ फाइल, म्हणजे कुणालाही ते बनवता येईल इतकी पूर्ण माहिती, किकऑफच्या आधी सार्वजनिक असायला हवी. मे-जूनपासून खपून स्वर्व्ह ड्राइव्हचा (प्रत्येक चाक स्वतंत्र वळतं त्या रचनेचा) कोड लिहिलात? एक तर जगाला दाखवा, नाही तर जानेवारीत नव्याने लिहा. त्यामुळे सगळं शेवटी देऊ म्हणणाऱ्यांना अर्धं तरी आधी द्यावंच लागतं.

आता नक्कल. २०१९ पर्यंत ठरलेल्या दिवशी रोबोट पिशवीत सील करावा लागायचा. त्यानंतर ठरावीक वजनाचे सुटे भाग तेवढे सोबत नेता यायचे. दुसऱ्याची युक्ती फेब्रुवारीच्या शेवटी दिसली तरी हळहळण्यापलीकडे फार काही करता येत नसे. २०२० पासून पिशवी गेली. आता पहिल्या आठवड्याच्या स्पर्धेत दिसलेली युक्ती तिसऱ्या आठवड्यात चार रोबोटांवर दिसते, आणि त्यासाठी तुमचं कॅड लागत नाही, सामन्याचं चित्रण पुरतं. लपवून तुम्ही फार तर थोडे आठवडे मिळवता.

आणि नक्कल करणाऱ्याला भाग कापायचे, जुळवायचे, वायरिंग करायचं, कोड बसवायचा, मुख्य म्हणजे चालकाला सराव द्यायचा. अव्वल टीम पुढे असतात त्या सरावामुळे आणि तिसऱ्या-चौथ्या सुधारणेमुळे. २५४ क्रमांकाची टीम अनेकदा जगज्जेती झाली आणि आपला कोड वर्षानुवर्षं जाहीर करत आली आहे. तो उतरवून घेतलेल्या किती टीम जगज्जेत्या झाल्या?

उलट बाजूही बघा. पात्रता फेरीत तुमचे दोन जोडीदार तुम्ही निवडत नाही. त्यांचा रोबोट जागचा हलला नाही तर तुम्ही हरता. शेजारच्या टीमचा इनटेक चालायला लागला तर कधीतरी तो तुमच्याच बाजूने चालणार आहे.

होलकाउंट

वरचं सगळं एफआरसीपुरतं ठीक. व्हेक्स या दुसऱ्या रोबोट स्पर्धेतल्यांच्या चष्म्यातून बघा.

आमच्याकडे जवळपास सगळ्यांचे भाग तेच. सी-चॅनेलवर, म्हणजे सांगाड्याच्या धातूच्या पट्टीवर, दर अर्ध्या इंचाला भोक. चांगला फोटो मिळाला की मुलं भोकं मोजतात आणि रोबोट जसाच्या तसा उभा करतात. आमच्यात त्याला 'होल काउंट' म्हणतात, माझं इथलं नाव त्यावरूनच. कापणं नाही, मशीनिंग नाही, बोल्ट पिळायचे नि झालं. तुमच्याकडे उघड केलेल्या डिझाइनपासून चालत्या रोबोटपर्यंत आठवडे जातात. आमच्याकडे शनिवार-रविवार. म्हणून आमच्या टीम रिव्हील व्हिडिओ (रोबोट पहिल्यांदा दाखवणारा) टाकतात तेही उशिरा, अंधूक उजेडात, महत्त्वाचा भाग दिसणार नाही अशा कोनातून. कंजूषपणा नाही हा.

दुसरं, आमच्या संस्थेचं धोरण स्पष्ट आहे: काम विद्यार्थीकेंद्रित हवं. मोठ्यांनी शिकवावं, पण रोबोट मुलांनी बनवावा, मुलांनी प्रोग्रॅम करावा. तिरपा_स्क्रू, तुमच्या 'थांब, मी पटकन करतो' वाल्यांना आमच्याकडे थाराच नाही.

अर्धा_इंच_हेक्स

नक्कल किती वेगाने होते यावर सगळं ठरतं, हा मुद्दा मान्य. मी त्या बाजूने विचार केला नव्हता.

विद्यार्थीकेंद्रित धोरणावर मात्र भांडण आहे. फर्स्टच्या पूर्ण नावातच 'इन्स्पिरेशन' आणि 'रेकग्निशन' आहे. १९८९ मध्ये डीन केमनने संस्था काढली आणि १९९२ मध्ये पहिली स्पर्धा झाली, तेव्हापासून कल्पना अशी की मुलांनी इंजिनिअरच्या खांद्याला खांदा लावून काम करावं. इंजिनिअर कसा विचार करतो हे मुलाला दिसायला हवं ना? मेंटरने हाताची घडी घालून कोपऱ्यात बसायचं तर त्याला बोलावलंत कशाला?

होलकाउंट

दिसायला हवं, मान्य. पण तुमच्या स्पर्धांमध्ये पिटमध्ये (टीमच्या दुरुस्तीच्या जागेत) चाळिशीची तीन माणसं रोबोटवर वाकलेली आणि मुलं पाना धरून उभी, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हे खांद्याला खांदा लावणं असेल तर खांदे एकाच उंचीचे दिसले नाहीत.

निव्वळ_वाचनमात्र

'खांदे एकाच उंचीचे' :-)

वाचतोय. चालू ठेवा.

पिटमधली_मुलगी

मी अकरावीत आहे, कॅड आणि मेकॅनिकल बघते. इथे सगळे मोठे लोक आमच्याबद्दल बोलताहेत म्हणून लिहिते.

तुकडे उचलण्याबद्दल. आमच्या कॅड गटातल्या एकाने दुसऱ्या टीमचा गिअरबॉक्स घेतला. त्यात १४ दात्यांचं पिनियन (जोडीतला लहान गिअर) आणि ५० दात्यांचा गिअर होता. आम्हाला वेग थोडा कमी हवा होता, म्हणून त्याने पिनियन १२ दात्यांचं केलं. प्लेट तीच ठेवली. कॅडमध्ये छान दिसत होतं. आमच्या मेंटर ताईंनी बघितलं आणि एवढंच विचारलं, 'या दोन भोकांमधलं अंतर १.६ इंच का आहे?'

कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही. गिअरच्या पानावर '२० डीपी' लिहिलंय, त्याचा अर्थ शोधा म्हणाल्या आणि दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. मग आम्ही शोधलं. डीपी म्हणजे व्यासाच्या दर इंचाला किती दाते. म्हणून दोन गिअरमधलं अंतर म्हणजे दात्यांची बेरीज भागिले ४०. १४ अधिक ५० म्हणजे ६४, भागिले ४० म्हणजे १.६. पिनियन १२ केलं की ६२ भागिले ४०, म्हणजे १.५५. फरक ०.०५ इंच. ऐकायला काहीच नाही. पण त्या गिअरमध्ये दाते एकमेकांत शिरतात तेच ०.१ इंच. म्हणजे निम्मी पकड गेली. पहिल्या धडकेत दाते सोलून निघाले असते.

ते कॅड उघडं नसतं तर आम्ही बाजारातला तयार गिअरबॉक्स लावला असता आणि हे कधी कळलंच नसतं. म्हणजे उचलल्यामुळेच शिकलो. फक्त मधे कुणीतरी तो एक प्रश्न विचारायला हवा होता.

अर्धा_इंच_हेक्स

बाळा, तुझ्या ताईंना माझा नमस्कार सांग. असा एक प्रश्न विचारून दुसऱ्या टेबलाकडे निघून जायला धीर लागतो. मला अजून जमत नाही, मी तिथेच घुटमळतो.

पालक_वाचक

माझा मुलगा एफटीसीमध्ये (फर्स्टच्याच लहान रोबोटांच्या स्पर्धेत) आहे. मला तंत्रातलं कळत नाही, पण दोन शंका आहेत. मुलांनी रात्री जागून केलेलं काम कुणी फुकट घेऊन स्वतःचं म्हणून मिरवलं तर? आणि मुलांची नावं, फोटो असे सगळीकडे जातात त्याचं काय?

कोडची_हमाल

दोन्ही शंका रास्त आहेत. दुसरी तर फार कमी लोक विचारतात, म्हणून तीच आधी घेते.

फोटोचं सगळ्यांच्या लक्षात येतं, गिटचं (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं) येत नाही. मूल स्वतःच्या लॅपटॉपवरून कोड ढकलतं तेव्हा प्रत्येक नोंदीबरोबर त्याचं नाव आणि ईमेल चिकटतं. आज भांडार (गिटमधली कोडची साठवण) खासगी आहे म्हणून कुणाला दिसत नाही. उद्या ते सार्वजनिक केलंत की सगळा इतिहास उघडा होतो. ज्या मुलाने पूर्ण नाव आणि शाळेचा ईमेल टाकलाय, तो जगाला दिसतो. नंतर फाइल पुसली तरी इतिहासातलं पुसलं जात नाही. उपाय सोपा आहे पण पहिल्या दिवशीच करावा लागतो: गिटहब (ही भांडारं जिथे ठेवतात ते संकेतस्थळ) प्रत्येकाला उत्तर न येणारा निनावी ईमेल देतं, तो लावायचा आणि नावाच्या जागी टोपणनाव. आधीच गोंधळ झाला असेल तर इतिहासासकट उघडू नका. त्या दिवसाची प्रत घेऊन नवं भांडार सुरू करा. फोनवरून काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद असते, तीही काढून टाका. फोटोखाली नावं नकोत, आणि पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय चेहरे नकोत.

याच संदर्भात मेंटरांसाठी: मुलांशी बोलणं गटाच्या चॅनेलवर, जिथे दुसरा एखादा मोठा माणूस वाचत असतो. 'कोड अडकलाय, जरा बघता का' असा खासगी निरोप आला तरी उत्तर गटात द्यायचं. मुलांच्या सुरक्षेचा भाग तर आहेच, पण तेच उत्तर बाकीच्या चार जणांनाही हवं असतं.

आता पहिली शंका. श्रेय हवं असेल तर परवाना लावा. कोडला एमआयटी किंवा बीएसडी परवाना लावला की घेणाऱ्याने तुमची नोंद कायम ठेवली पाहिजे. बऱ्याच टीम परवानाच लावत नाहीत आणि समजतात की म्हणजे कुणीही घ्यावं. प्रत्यक्षात परवाना नसला तर सगळे हक्क तुमच्याकडे राखीव राहतात, आणि प्रामाणिक टीम हात लावायला घाबरते. अप्रामाणिक टीम तशीही उचलतेच. शिवाय ज्या पायावर आपण उभे आहोत ती डब्ल्यूपीआयलिब ही रोबोट प्रोग्रॅम करायची लायब्ररी मुक्त स्रोत आहे. ६३२८ क्रमांकाच्या टीमने रोबोटच्या नोंदी ठेवून सामना पुन्हा चालवून बघण्याचं जे साधन बनवलं तेही तसंच. घेताना कुणाला लाज वाटत नाही, द्यायची वेळ आली की सगळ्यांना अचानक बौद्धिक संपदा आठवते. (हा टोमणा तुम्हाला नाही, काही मेंटरांना आहे.)

पालक_वाचक

धन्यवाद. गिटबद्दल मुलाला विचारलं. त्याचा चेहरा बघून कळलं की आज रात्री काम आहे.

खुर्चीतला_परीक्षक

गेली काही वर्षं स्वयंसेवक म्हणून परीक्षण करतो, मुख्यतः एफटीसी. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

उचललेलं डिझाइन वाईट आणि स्वतःचं चांगलं, असं परीक्षक बघत नाहीत. निदान मी तरी नाही. मी विचारतो, 'या जागी आधी काय होतं? ते का काढलंत?' ज्या मुलांनी स्वतः झगडा केलाय ती थांबत नाहीत, बोलत सुटतात. कधी तिसऱ्या वाक्यालाच म्हणतात, 'ही कल्पना आम्ही अमुक टीमकडून घेतली, पण त्यांचा रोलर आमच्या उंचीला बसेना म्हणून...' ते 'म्हणून' आलं की मी लिहायला लागतो. ज्यांच्यासाठी मेंटरने केलंय किंवा ज्यांनी नुसतं छापलंय, ती मुलं भागांची नावं सांगतात आणि मग एकमेकांकडे बघतात.

एफटीसीचा पोर्टफोलिओ, म्हणजे टीमने परीक्षकांना द्यायची कामाची पुस्तिका, मुखपृष्ठ सोडून १५ पानांचा. त्या १५ पानांत तयार रोबोटचे चकचकीत फोटो भरणाऱ्या टीमना कुणी सांगत नाही का, की आम्हाला मोडलेल्या भागाचा फोटो जास्त सांगून जातो?

एक गंमत. एफआरसीत मेंटरांसाठी वुडी फ्लॉवर्सच्या नावाचा पुरस्कार आहे, १९९६ पासून. त्याचा निबंध मुलं लिहितात. मेंटर काय करतो हे मुलांच्या शब्दांत येतं, आणि 'सरांनी आम्हाला रोबोट बनवून दिला' असं कुणी लिहीत नाही. जे बनवून देतात त्यांची मुलंसुद्धा लिहीत नाहीत.

होलकाउंट

वुडी फ्लॉवर्सचा विषय निघालाच आहे तर: एमआयटीतल्या त्यांच्या डिझाइनच्या वर्गात, म्हणजे सत्तरच्या दशकातली गोष्ट, प्रत्येकाला सारख्या सामानाची पेटी मिळायची आणि त्यातून यंत्र बनवून एकमेकांशी झुंजवायचं. तिथे मुलं स्पर्धकालाच मदत करायची. 'ग्रेशस प्रोफेशनलिझम' (चुरशीने खेळा, पण समोरच्याचा मान राखा) हे जे आपण भाषणात वापरतो, ते शब्द त्यांचेच. पण लक्षात घ्या, त्या वर्गात यंत्र विद्यार्थ्यानेच बनवायचं होतं. प्राध्यापकाने नाही.

अर्धा_इंच_हेक्स

ते विद्यापीठातले होते, आपल्याकडे चौदा वर्षांचं पोर असतं. बरोबरी नको.

तरी तुमची मूळ तक्रार मी फेटाळत नाही. माझा मार्ग असा: पहिला एलिव्हेटर मी काढतो आणि मुलं बघतात. मी मोठ्याने विचार करतो, खोडतो, शिव्या घालतो (सौम्य). दुसरा ती काढतात आणि मी बघतो. पहिला आम्ही फेकून देतो. रोबोटवर कधीच जात नाही. यात वेळ जातो, म्हणून हे किकऑफच्या आधीच्या महिन्यांत. सीझनमध्ये शिकवायचं म्हणाल तर रात्री अकरा वाजता कुणीतरी माउस हिसकावणारच. तिरपा_स्क्रू, तुमच्या मंडळींचा दोष स्वभावाचा कमी आणि वेळापत्रकाचा जास्त आहे.

होलकाउंट

पहिला फेकून देता हे आवडलं. बाकी मत कायम.

कोडची_हमाल

मेकॅनिकलवाल्यांचं एक बरं असतं, चूक दिसते तरी. कोडमध्ये उचललेलं बेमालूम बसतं आणि मग रोबोटचा हात छपरावर आपटतो.

दरवर्षी दिसणारा प्रकार: मुलं कुठल्या तरी भारी टीमच्या कोडमधून पीआयडीचे (चूक बघून मोटरचा जोर ठरवणाऱ्या सूत्राचे) आकडे जसेच्या तसे घेतात. ते आकडे म्हणजे त्या टीमच्या हाताचं वजन, लांबी, गिअरचं गुणोत्तर यांचा निचोड असतो. तुमचा हात वेगळा, तर आकडा निरर्थक. त्यात एककांची गंमत. एका लायब्ररीत कोन फेऱ्यांमध्ये, दुसरीत रेडियनमध्ये. एक फेरी म्हणजे साधारण ६.२८ रेडियन. फेऱ्यांसाठी ठरवलेला आकडा रेडियनवाल्या कोडमध्ये चिकटवलात की मोटर सहापट जोरात ओढते.

म्हणून आमच्याकडे उघड्या कोडमधून रचना घ्यायची, आकडे नाहीत. वर्ग कसे पाडलेत, सेन्सर मेला तर काय करायचं हे कुठे लिहिलंय, सामन्याच्या सुरुवातीच्या स्वयंचलित सेकंदांचा क्रम कसा मांडलाय, ते वाचा, चोरा, ढापा. आकडा मात्र स्वतः मोजायचा. गुरुत्वाकर्षण पेलायला किती व्होल्ट लागतात हे काढायचं तर हात आडवा धरा आणि तो खाली पडायचा थांबेपर्यंत व्होल्टेज हळूहळू वाढवा. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांत मुलाला जे कळतं ते मी तासभर फळ्यावर लिहून कळत नाही.

कीबोर्ड मी घेत नाही. बोटानेही दाखवत नाही, 'ओळ चाळीस वाच' म्हणते. मूल वाचतं आणि निम्म्या वेळा वाचता वाचताच 'ओह' करतं. उरलेल्या निम्म्या वेळा मलाही उत्तर माहीत नसतं, मग आम्ही दोघं नोंदी उघडतो.

अपवाद मात्र आहेत, आणि ते मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे. बॅटरीच्या टोकांजवळ पाना गेला, ताणलेल्या रबरी नळ्यांसमोर तोंड आलं, हवेच्या टाकीत १२० पीएसआय असताना कुणी नळी सोडवायला लागलं, तर मी प्रश्न विचारत बसत नाही. हात धरून ओढते. तिथे शिकवणं-बिकवणं नंतर.

निव्वळ_वाचनमात्र

+१ 'रचना घ्या, आकडे नाही'. हे आमच्या कार्यशाळेच्या दारावर लावतो.

अवांतर: अगदी नव्या टीमसाठी एव्हरीबॉट कुणी वापरलाय का? ११८ क्रमांकाच्या टीमचा. ते दरवर्षी खेळ जाहीर झाल्यावर लवकरच साध्या हत्यारांनी बनेल असा पूर्ण रोबोट रेखाचित्रांसकट देतात. आमचं पहिलंच वर्ष आहे. तो बनवला तर 'स्वतःचं काय' असं लोक म्हणतील याची मुलांना लाज वाटतेय.

अर्धा_इंच_हेक्स

बनवा, बिनदिक्कत. पहिल्या वर्षी मुलांना शिकायचं असतं ते ड्रिल सरळ कसं धरायचं, बंपर कसे बसवायचे, तपासणीत पास कसं व्हायचं. यंत्रणा शोधून काढणं पुढच्या वर्षी. एव्हरीबॉट पूर्ण झाला की त्यातली एकच गोष्ट स्वतःची करा. एकच. मग स्पर्धेत तीच सांगा.

आणि लाजेचं म्हणाल तर २००६ च्या आसपास नायगारा भागातल्या १११४, १५०३ आणि १६८० या तीन टीमनी एकत्र डिझाइन करून जवळपास सारखे रोबोट आणले होते. तेव्हा बराच गदारोळ झाला, ही फसवणूक आहे वगैरे. आज तीन दिवसांत रोबोट बनवून जगाला दाखवणारे गट आहेत, ओपन अलायन्सवाल्या टीम आपली रोजनिशी उघडी ठेवतात, आणि कुणी भुवई उंचावत नाही.

पिटमधली_मुलगी

एक विनंती, उघड करणाऱ्या टीमना. नुसती स्टेप फाइल (कॅडचा फक्त आकार असलेली फाइल) देऊ नका ना. त्यात आकार दिसतो, पण कुठलं माप कशावर अवलंबून आहे ते दिसत नाही. तो १.६ इंच नुसता १.६ इंचच दिसतो. ऑनशेपचं (ऑनलाइन कॅडचं) मूळ डॉक्युमेंट दिलं तर एकेक पायरी मागे जाऊन बघता येतं की त्यांनी आधी काय काढलं होतं. आम्ही दुसऱ्या टीमच्या डॉक्युमेंटमध्ये मागे जात जात त्यांचा पहिला, चुकलेला इनटेक बघितला. शेवटच्यापेक्षा तोच जास्त कामाला आला, कारण आम्ही तस्साच काढणार होतो.

खुर्चीतला_परीक्षक

'तस्साच काढणार होतो' :-) हे मुलाखतीत सांग हो.

तिरपा_स्क्रू

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली. इथले तीन-चार प्रतिसाद मुलांनीच वाचून दाखवले (पिटमधली_मुलगी, तू आमच्याकडे प्रसिद्ध आहेस).

ठरलं ते असं. कॅड आणि कोड पहिल्या दिवसापासून उघडे. भांडार नवं, निनावी ईमेल लावून. आठवड्याला एक नोंद मुलं लिहितील आणि तिच्यात 'काय केलं' यापेक्षा 'काय सोडलं आणि का' याला जागा जास्त. मेंटर ती तपासतील फक्त नावं-फोटोंसाठी, भाषा सुधारायची नाही. दुसऱ्याचं घेतलं तर टीम क्रमांक लिहायचा, आणि त्यातलं एक तरी माप कुठून आलं ते मूल सांगू शकलं तरच तो भाग कापायला जाईल. यावर आमचा एक ज्येष्ठ मेंटर म्हणाला, 'मग माझ्याकडून घेतलं तरी हाच नियम लावा.' मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याने बहुधा चेष्टेत म्हटलं होतं, पण इतिवृत्तात गेलं.

विरोधातल्या दोघांचं मत बदललेलं नाही. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातल्या डावपेचांच्या टिपणांवर तडजोड झाली: कुठून सुरुवात करायची, कुणाला अडवायचं वगैरे उघड होणार नाही. मला ते ठीक वाटतं. डिझाइन वेगळं, डाव वेगळा.

होलकाउंट, तुमचा वेगाचा मुद्दा मी मांडला. आमच्या व्हेक्सच्या लहान गटाने त्यावरून ठरवलंय की ते सीझन संपल्यावरच देतील. त्यांना कुणी आग्रह केला नाही.

होलकाउंट

हे उत्तम. लहान गटाला सांगा, कामाची नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून लिहा. नंतर आठवून लिहिलेली वही परीक्षकाला पहिल्या पानावर कळते.

खुर्चीतला_परीक्षक

दुसऱ्या. पहिलं पान सगळेच नीट लिहितात.

पिटमधली_मुलगी

तिरपा_स्क्रू काका, तुमच्या मुलांची पहिली नोंद बघितली. इनटेकच्या बाजूच्या प्लेटला बेअरिंगसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाचा ठेवल्यात, त्या चेंडू किती दाबायचा हे ठरवायला का? आणि प्लायवुडच्या प्रोटोटाइपवर मिळालेलं माप पॉलिकार्बोनेटवर तसंच चालेल का? आमची पॉलिकार्बोनेटची प्लेट चेंडू आत आला की बाहेरच्या बाजूला वाकते.

तिरपा_स्क्रू

खाचा त्यासाठीच, बरोबर. दुसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे, पण इनटेकच्या पोरांना इथे लिहायला सांगितलंय. संध्याकाळपर्यंत थांब. तोवर एवढं सांग, तुमच्या दोन प्लेटना मधे जोडणारा आडवा दांडा रोलरपासून किती लांब आहे?